‘बेस्ट’ नको, ‘बिघडलं’ शोधा

वाचकाचं पत्र: “नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. घरातलं जुनं वॉशिंग मशीन आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. माणसं पाच, पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. घर एकमजली, टाकी गच्चीवर. पस्तीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. नणंद डोंबिवलीला असते, ती म्हणते, ‘फ्रंट लोडच घे, माझं सात वर्षं बिनतक्रार चाललंय.’ दुकानदार टॉप लोड सांगतो. मुलगा म्हणतो, ‘आई, नेटवर बघ की.’ महिनाभर बघतेय. जिथे जावं तिथे ‘यंदाची दहा सर्वोत्तम मशीन’, आणि प्रत्येक यादीत तीच दहा. खरेदीच्या साइटवर एकाच मशीनखाली कुणी ‘सुपर’ म्हणतं, कुणी ‘डब्बा’. खरोखर वापरणाऱ्यांची मतं शोधून काढायची काही रीत आहे का? मी शाळेत शिकवते, कॉम्प्युटर बऱ्यापैकी येतो. – एक लातूरकर”

ताई, नमस्कार.

महिनाभर बघूनही हाती काही लागलं नाही, ते तुम्ही शोधायला टाकलेल्या शब्दांमुळे. ‘बेस्ट वॉशिंग मशीन’ हे शब्द मशीन वापरणारा माणूस लिहीतच नाही. ते विकणारा लिहितो, किंवा विकणाऱ्याकडून कमिशन घेणारा. त्या दहाच्या याद्यांमध्ये प्रत्येक मशीनखाली ‘आजची किंमत पाहा’ असं बटण असतं ना? त्यावरून जाऊन तुम्ही खरेदी केली की यादी करणाऱ्याला थोडे पैसे मिळतात. यात बेकायदा काही नाही, पण मशीन डोळ्यांनी न बघताही अशी यादी करता येते, आणि पुष्कळ जण तशीच करतात. जानेवारी उजाडला की मथळ्यातलं साल बदलतं, मजकूर तोच. म्हणून सगळीकडे तीच दहा.

आता वापरणारा माणूस कधी लिहितो ते बघा. एकदा मशीन घरी आल्यावर: ‘रंग छान, डिलिव्हरी वेळेत, फिटिंगवाला सभ्य.’ नव्याचे नऊ दिवस. दुसऱ्यांदा लिहितो ते काहीतरी बिघडतं तेव्हा. मधल्या दोन-तीन वर्षांत मशीन गुपचूप कपडे धूत असतं आणि माणूसही गप्प असतो. आपल्या कामाचं लिखाण दुसऱ्या वेळचं. पण तेव्हा तो ‘रिव्ह्यू’ हा शब्द वापरत नाही. तो लिहितो, ‘पाणी बाहेर जात नाही’, ‘स्पिनला धडधडतंय’, ‘पीसीबी गेला, चौदा हजार सांगतायत’. तर तुम्हीही मत शोधू नका, बिघाड शोधा.

बिघाडाच्या शब्दांची एक छोटी वहीच करा. फ्रंट लोडमध्ये लोक ज्यांच्या नावाने रडतात ते भाग असे: ड्रमचं बेअरिंग, दाराचं रबरी गॅस्केट (त्याला काळी बुरशी धरते), ड्रेन पंप (पाणी बाहेर टाकणारा), हीटर, इलेक्ट्रॉनिक बोर्ड म्हणजे पीसीबी, आणि ‘स्पायडर’. हा स्पायडर ड्रमच्या मागे असतो. तीन पायांचा धातूचा आधार, त्यावर ड्रम फिरतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा असला तरी स्पायडर बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि ओल व डिटर्जंट यांच्या सततच्या संगतीने तो झिजून एक दिवस मोडतो. जाहिरातीत ‘स्टील ड्रम’ ठळक अक्षरांत असतं, स्पायडरचा उल्लेख कुठेच सापडायचा नाही. टॉप लोडमध्ये पल्सेटर (तळाशी फिरणारी चकती), सस्पेन्शन रॉड (टबाला तोलून धरणाऱ्या दांड्या), इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारी झडप), आणि इथेही पीसीबी. शिवाय आपल्याकडचा खास भाग म्हणजे उंदीर. मशीनच्या तळातून शिरून वायरी कुरतडतो, आणि उंदरामुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही. मॉडेलच्या नावासोबत ‘रॅट’ टाकून बघा, लोकांनी काय काय भोगलंय ते दिसेल.

याहून नेमकं हत्यार म्हणजे एरर कोड. मशीन अडलं की पडद्यावर दोन-तीन अक्षरं-आकडे उमटतात, आणि घाबरलेला मालक तीच अक्षरं जशीच्या तशी गूगलमध्ये टाकतो, कुठेतरी लिहितोही. एलजीच्या मशीनवर ‘ओई’ म्हणजे पाण्याचा निचरा होत नाही, ‘यूई’ म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत. सॅमसंगवर निचऱ्याच्या तक्रारीला ‘5सी’, थोड्या जुन्या मशीनवर ‘5ई’. बॉशवर ‘ई18’. कोड दिसला म्हणजे मशीन वाईट असं अजिबात नाही, बऱ्याचदा पंपाच्या जाळीत मोजा अडकलेला असतो. पण कोड टाकून जी माणसं सापडतात ती बहुधा मशीनची मालक असतात. विकणारा कशाला कोड लिहील?

आता टाइप करण्याची रीत. पुढचे खुणेचे शब्द मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही ते गूगलमध्ये रोमन लिपीत टाइप करायचे.

दुहेरी अवतरणचिन्हं तुम्हाला माहीत असतील. "ड्रम बेअरिंग" असं चिन्हांत बांधून टाकलं की गूगल ते दोन शब्द त्याच क्रमाने असलेली पानं आणतं. तुमच्या बाबतीत मात्र त्यांचा मोठा उपयोग दुसराच आहे. गूगल तुमच्या शोधातला एखादा शब्द परस्पर सोडून देतं आणि निकालाखाली बारीक अक्षरांत तो शब्द खोडलेला दाखवतं. नेमका तोच शब्द, ‘बोअरवेल’ म्हणा, तुमच्यासाठी महत्त्वाचा असतो. एकट्या शब्दालाही अवतरणात टाका, म्हणजे तो सुटणार नाही. कॉम्प्युटरवर असाल तर निकालांच्या वर ‘टूल्स’ आहे, त्यात ‘ऑल रिझल्ट्स’च्या जागी ‘व्हर्बॅटिम’ निवडा. मग गूगल स्वतःची हुशारी लावून समानार्थी शब्द घुसडणं बंद करतं.

वजाचं चिन्ह नको असलेलं गाळायला. ते शब्दाला चिकटून हवं, मध्ये जागा सोडली की फुकट. मी शोधताना वजा-बेस्ट, वजा-"टॉप 10", वजा-प्राइस, वजा-ऑफर एवढं शेपूट जवळजवळ नेहमी लावतो. दुकानांच्या साइटही अशाच गाळता येतात: वजा, लगेच ‘साइट’, कोलन आणि त्या दुकानाचा पत्ता, सगळं सलग. दोन-तीन मोठी दुकानं गाळली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गाडलेली माणसं वर येतात.

वजा काढून टाकलं तर तेच ‘साइट’ उलटं काम करतं, एकाच जागेत शोध घेतं. ‘साइट:रेडिट.कॉम’ लिहून पुढे मॉडेल आणि बिघाड. रेडिटवर भारतीय शहरांचे आणि घरगुती उपकरणांचे गट आहेत, आणि तिथे लोक टोपणनावाने लिहितात म्हणून मोकळं लिहितात. 2024 च्या सुरुवातीला रेडिटने गूगलशी करार केला, तेव्हापासून तिथली पानं गूगलमध्ये भरपूर दिसतात. त्यामुळे कंपन्यांच्या माणसांनाही ती जागा कळलीय, तेव्हा तिथे एखाद्याने एकाच ब्रँडचं कौतुक चालवलेलं दिसलं तर त्याच्या नावावर क्लिक करून बाकी काय लिहिलंय ते बघा. क्रिकेट, भाडेकरूची कटकट, आईची गुडघेदुखी असं सगळं दिसलं तर माणूस खरा असायची शक्यता जास्त. आपल्याकडची जुनी जागा म्हणजे माउथशट, ग्राहकांच्या मतांची साइट, 2000 साली मुंबईत सुरू झालेली. तक्रारी काढून टाकायला लावणाऱ्या नियमांविरुद्ध ही कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली होती, आणि 24 मार्च 2015 च्या ज्या निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, नेटवरच्या ‘आक्षेपार्ह’ लिखाणाला शिक्षा देणारं, 66 अ कलम रद्द झालं, त्याच सुनावणीत तिचीही याचिका होती. तिथे आज येतो तो प्रत्येक शब्द खरा असं नव्हे, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या तक्रारी तिथे अजून वाचायला मिळतात, आणि एखाद्या कंपनीची सर्व्हिस पूर्वीपासून तशीच आहे की बदलली हे त्यातून समजतं.

तारखेसाठी ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’. आफ्टर:2023 म्हटलं की त्यानंतरची पानं. इथे थोडा उलटा विचार करा. तुम्ही आज मशीन घेणार म्हणून ताजी मतं शोधावीशी वाटतील, पण ताजं मत म्हणजे पुन्हा नव्याचे नऊ दिवस. त्याच घराण्यातलं तीन-चार वर्षांपूर्वी आलेलं मॉडेल घ्या आणि त्याच्या मालकांनी गेल्या वर्ष-दीड वर्षात काय लिहिलंय ते आफ्टर लावून काढा. मशीनचं पोट एवढ्या लवकर बदलत नाही, बदलतो तो पुढचा पडदा, दाराचा रंग आणि मोबाइल अॅप.

मॉडेलच्या नंबराची एक गंमत ठाऊक असू द्या. त्यातली शेवटची दोन-तीन अक्षरं बऱ्याचदा रंग, साल किंवा विक्रीची जागा सांगतात. तेच मशीन ऑनलाइन एका नंबराने आणि शोरूममध्ये दुसऱ्या नंबराने विकलं जातं, म्हणजे किमतीची तुलनाही करता येत नाही. तुम्ही पूर्ण नंबर टाकला तर तीन पानं सापडतील, आणि वाटेल की या मशीनबद्दल कुणी बोलतच नाही. अर्धा नंबर टाकून पुढे फुली (*) मारली तरी उपयोग नाही, कारण गूगलमधली फुली अख्ख्या शब्दाची जागा भरते, अक्षरांची नाही. म्हणून दोन-तीन भावंडांचे नंबर मध्ये ‘ऑर’ घालून एकत्र टाका. हा ‘ऑर’ कॅपिटल अक्षरांत हवा, नाहीतर गूगल त्याला साधा शब्द समजतं.

आणि भाषा! आपले लोक बिघाडाबद्दल शुद्ध इंग्रजीत लिहीत नाहीत, शुद्ध मराठीतही नाही. रोमन लिपीतली हिंदी चालते. ‘पानी नहीं निकल रहा’, ‘बहुत आवाज कर रही है’, ‘मशीन खराब हो गई’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून बघा. आवाज हा एकच शब्द कुणी शेवटी झेड लावून लिहितं, कुणी जे लावून, कुणी सुरुवातीला दोनदा ए घालून. तिन्ही रूपं ‘ऑर’ने जोडा. देवनागरीतही एकदा शोधाच. मराठीत निकाल कमी येतील, पण जे येतील ते बार्शीचे नाहीतर परभणीचे असतील, म्हणजे तुमच्यासारखंच पाणी असलेले.

पाण्याचा मुद्दा आला म्हणून इथे थोडं थांबतो, कारण तुमच्या निर्णयाची किल्ली मॉडेलात नाही, पाण्यात आहे. नणंदेचं मशीन सात वर्षं चाललं ते खरंच आहे. पण डोंबिवलीत नळाला उल्हास नदीचं, बारवी धरणाचं पाणी येतं. ते मऊ. लातूरच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. साबण त्यांच्याशी संगनमत करून फेसाऐवजी चिकट साका तयार करतो, कपडे कडक होतात, डिटर्जंट जास्त लागतं. आणि पाणी तापवलं की हीटरवर पांढरा थर बसतो, तुमच्या गिझरमध्ये आणि बंबात बसतो तसाच. तेव्हा मुंबई, ठाणे, पुण्यातल्या पाचशे समाधानी लोकांची मतं तुम्हाला एका बोअरवाल्याच्या मताइतकीही उपयोगाची नाहीत.

मग तुमच्या पाण्याची जुळी भावंडं शोधा. बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नईत बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या ढिगाने आहेत, आणि तिथले लोक नेटवर लिहितातही भरपूर. मॉडेलसोबत "हार्ड वॉटर", "बोअरवेल", "टँकर वॉटर" आणि या शहरांपैकी एखादं नाव टाका. हा एक शोध तुमच्या महिनाभराच्या वाचनापेक्षा जास्त देईल असं मला वाटतं.

त्याआधी आपलं पाणी किती कठीण आहे ते मोजून घ्या. टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे, तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा. कठीणपणासाठी वेगळ्या पट्ट्या किंवा छोटं किट मिळतं, किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम सांगतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. तुमचा आकडा 600 च्या वर निघाला तर शोधाची दिशाच बदलेल. का, ते शेवटी सांगतो.

तक्रारी सापडायला लागल्या की एक धोका असतो. दोन दिवसांत तुमची खात्री पटेल की जगातलं एकही मशीन घेण्याच्या लायकीचं नाही. बिघाड शोधला तर बिघाडच सापडणार. ज्या ब्रँडची मशीनं जास्त खपतात त्याच्या तक्रारीही जास्त दिसणार, आणि ज्याची एकही तक्रार नाही ते कदाचित कुणी घेतलंच नसेल. म्हणून तक्रारी मोजू नका. वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच भागाबद्दल आणि साधारण एकाच वयाबद्दल बोलतायत का ते बघा. ‘दोन वर्षांची वॉरंटी संपली आणि तीन महिन्यांत बोर्ड गेला’ असं चौघांनी लिहिलं तर कान टवकारा. एकाचा बोर्ड, दुसऱ्याचं दार, तिसऱ्याचा पाइप असं असेल तर ते यंत्राचं नेहमीचं जगणं आहे. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, ती वाचून हुरळून जाऊ नका. लोकांच्या तक्रारींत मोटर क्वचितच दिसते. वारंवार दिसतात बोर्ड, पंप, बेअरिंग, आणि त्या दहा वर्षांच्या वॉरंटीत ते येत नाहीत.

खरेदीच्या साइटवरच्या ‘सुपर’ आणि ‘डब्बा’ दोन्हींवर वेळ घालवू नका. दोन आणि तीन ताऱ्यांवाले वाचा. तो माणूस पूर्ण चिडलेला नसतो आणि खूशही नसतो, म्हणून तपशील देतो. क्रम ‘सर्वात नवीन आधी’ असा लावा. आणि रिव्ह्यूवर बारीक अक्षरांत मॉडेल किंवा क्षमता दिलेली असते तिकडे नजर ठेवा. साडेसहा, सात, आठ किलोच्या, कधी तर वेगळ्याच मशीनच्या मतांचा एकच ढीग केलेला असतो. डिलिव्हरीबद्दलची मतं सरळ सोडा. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं. पण ते आणताना ऐच्छिकच ठेवलं, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नका.

यूट्यूबचं वेगळं आहे. नवं मशीन खोक्यातून काढणारे व्हिडिओ मी उघडतच नाही. कंपनीने पैसे किंवा फुकट मशीन दिलं असेल तर तसं स्पष्ट सांगणं ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी तो उल्लेख वर्णनाच्या तळाशी शोधावा लागतो. त्याऐवजी दुरुस्तीवाल्यांचे व्हिडिओ बघा. छोट्या गावांतले मेकॅनिक हिंदीत, कधी मराठीतही, मशीन उघडून दाखवतात: हा मोडलेला स्पायडर, हा क्षाराने पांढरा झालेला हीटर, हा पाणी शिरलेला बोर्ड. ही माणसं एकाच दिवसात चार कंपन्यांची पोटं बघतात. मॉडेल किंवा ब्रँडसोबत ‘रिपेअर’, ‘स्पायडर ब्रोकन’, ‘बेअरिंग चेंज’ टाका. पाण्याच्या क्षाराबद्दल त्यांना व्हिडिओखाली प्रश्न विचारला तर बरेच जण उत्तर देतात. आणि गाजलेल्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया गूगलच्या शोधात येत नाहीत, तेव्हा त्या ‘नवीन आधी’ लावून, खाली सरकवत सगळ्या उघडून, मग कंट्रोल-एफ दाबून ‘वॉटर’ किंवा ‘सर्व्हिस’ शोधा. फेसबुकच्या गटांचंही असंच, गटाच्या आत जाऊनच शोधावं लागतं.

गूगलवर हल्ली सगळ्यात वर यंत्राने लिहिलेलं उत्तर येतं. गुळगुळीत असतं, वाचून बरं वाटतं. ते बऱ्याच अंशी त्याच दहाच्या याद्यांचा रस काढून केलेलं असतं. निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ निवडलंत तर ते जातं आणि नुसते दुवे उरतात. चॅटबॉटला विचारायचंच असेल तर ‘कोणतं घेऊ’ हे विचारू नका. ‘फ्रंट लोड मशीनमध्ये कठीण पाण्याने कोणते भाग खराब होतात आणि लोक त्यांना काय म्हणतात’ हे विचारा. ती यादी वहीत उतरवा आणि शोध तुम्ही स्वतः घ्या.

एवढं सगळं करूनही एक शोध राहतो, आणि माझ्या मते लातूरसारख्या शहरात तोच पहिला करायला हवा. गूगल मॅप्समध्ये ब्रँडचं नाव, ‘सर्व्हिस सेंटर’ आणि ‘लातूर’ टाका. रिव्ह्यू उघडा, नवीन आधी लावा, आणि तिथल्या शोधपट्टीत ‘वॉशिंग मशीन’ टाका, म्हणजे टीव्ही-फ्रिजवाले गळतील. आता वाचा: माणूस किती दिवसांनी आला, भाग लातुरात होता की पुण्याहून मागवला, पैसे किती घेतले, पावती दिली का. नकाशावर सेंटर दिसतं पण ते कंपनीचं नसतं, असंही होतं. म्हणून कंपनीच्या अधिकृत साइटवरचा पत्ता आणि हा पत्ता ताडून घ्या. मध्यम मशीन आणि गावात चांगला मेकॅनिक ही जोडी, उत्तम मशीन आणि भाग यायला तीन आठवडे, या जोडीपेक्षा पाच माणसांच्या घराला कितीतरी परवडते.

दोन-तीन मॉडेलं उरली की मॅन्युअल काढा. मॉडेलचा नंबर, मग ‘फाइलटाइप:पीडीएफ’. मॅन्युअल हे कंपनीचंच लिखाण, पण त्यात जाहिरात करायची सोय नसते, म्हणून ते बोलकं असतं. तुम्ही बघायची गोष्ट म्हणजे पाण्याचा किमान दाब. तुमची टाकी गच्चीवर आणि मशीन तळमजल्यावर. दाब मोजायचं एक माप म्हणजे बार, आणि साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब 1 बार होतो. मशीनच्या नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी चार मीटर वर असेल तर तुमच्याकडे 0.4 बार, टाकी रिकामी होत आली की त्याहून कमी. मॅन्युअलमध्ये हा आकडा कधी बारमध्ये, कधी किलोपास्कलमध्ये, कधी मेगापास्कलमध्ये असतो. 1 बार म्हणजे 100 किलोपास्कल, म्हणजे 0.1 मेगापास्कल. आकडा तुमच्या दाबाच्या वर निघाला तर ते मशीन पाणी भरायलाच तासभर घेईल किंवा अडून बसेल, मग छोटा प्रेशर पंप बसवणं आलं. तो खर्च पस्तीस हजारांतच धरा.

तुम्ही थेट विचारलं नसलंत तरी माझं मत देऊन टाकतो. कठीणपणा तीनशेच्या आसपास निघाला, दाब पुरेसा असला आणि लातुरातलं सेंटर बरं निघालं, तर फ्रंट लोड घ्यायला हरकत नाही. क्षार काढायची पावडर ठरलेल्या वेळी वापरायची आणि गरम पाण्याचा कार्यक्रम रोज लावायचा नाही. आकडा त्याहून बराच वर असेल तर साधं, हीटर नसलेलं टॉप लोड. आणि सहाशेच्या वर, त्यात उन्हाळ्यात टँकर, तर सेमी-ऑटोमॅटिकचा विचार मोकळ्या मनाने करा. ‘सर्वोत्तम दहा’मध्ये ते क्वचितच दिसेल, कारण स्वस्त वस्तूवर कमिशन थोडं. पण ते बादलीने भरता येतं, दाबाची भानगड नाही, पांढऱ्या कपड्यांचं साबणपाणी पुढच्या घाण्याला वापरता येतं, बोर्ड बहुतेकांत नसतोच, आणि भाग गल्लीतल्या मेकॅनिककडे मिळतात. कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायचे कष्ट मात्र तुमचेच, हे घरातल्या बाकी चौघांना आधी सांगून ठेवा.

आधी लातूरची सर्व्हिस सेंटरं वाचा, मग पाणी तपासा, मॉडेल सगळ्यात शेवटी. कठीणपणाचा आकडा आणि टाकीची उंची कळली की लिहा. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका, दिवाळीची ऑफर संपत आली असली तरी.